मुकी लाँच

त्याला सगळे कानसेन म्हणत. गाणारा तो तानसेन आणि ऐकणारा तो कानसेन, त्यातला हा दुसरा. खाडीवरच्या लाँचच्या इंजिनाला साधं पडसं झालं तरी ते आधी याला कळतं आणि मग इंजिनाला, असं धक्क्यावर बोललं जायचं. ही ख्याती पसरवण्यात त्याचा स्वतःचा हातभारही काही कमी नव्हता. पोरवयात तो तेलकट चिंधी घेऊन इंजिनखोलीत शिरला, आणि मिशा पिकेपर्यंत वर चढत चढत सुकाणूपाशी येऊन उभा राहिला. एवढ्या आयुष्यात एकच भाषा तो नीट शिकला, ती डिझेल इंजिनाची. माणसांची भाषा त्याला जेमतेम यायची, आणि तीही तो ओरडून बोलायचा.

"अहो, मी खाडीपलीकडे नाही, समोर बसलेय," बायको म्हणायची.

बायकोची जीभ तिच्या सुईसारखी होती, बारीक आणि नेमकी जागा शोधणारी. दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत ती लोकांचे कपडे शिवायची. पण तिच्या किडन्या हळूहळू काम सोडत गेल्या, पाय सुजून मशीनच्या पायडलवर ठरेनात, आणि मशीनवर चादर पडली. आता चपला नवऱ्याच्या घालायची, कारण तिच्या तिला होईनात. पाणी प्यायचं तेही औषधाच्या छोट्या कपाने मोजून. आठवड्यातून दोनदा रक्त धुवून घ्यायला, म्हणजे डायलिसिसला, इस्पितळात जायचं. आणि इस्पितळ होतं पलीकडच्या काठावर. खाडीला वळसा घालून जाणारा रस्ता होता, पण त्यावरच्या बसगाड्या डिझेलअभावी सर्वांत आधी बंद झाल्या. उरली ती लाँच. लाँच चालली तर ती जगणार, नाही चालली तर नाही, इतकं सरळ गणित होतं, आणि ते त्या दोघांपैकी कोणीही तोंडाने बोलत नसे.

लाँचवर आणखी एक माणूस घरचंच होतं. बायकोचा धाकटा भाऊ. बहिणीकडे सुट्टीला म्हणून आला आणि खलाशी होऊन राहिला. सुट्टी अजून संपली नाही, असं कानसेन त्याला दर वर्षी ऐकवायचा. दोर टाकणं, तिकिटं फाडणं, म्हाताऱ्यांना हात देणं ही मेहुण्याची कामं, आणि एक काम फक्त त्याचंच. खाडीत तुटकी जाळी वाहत यायची आणि लाँचच्या पंख्यात गुंडाळली जायची. मग इंजिन खोकायचं, गुदमरायचं आणि मरायचं. ते गप्प झालं, की मेहुणा सुरी दातात धरून पाण्यात. कानसेनने कधी "उतर" म्हटलं नाही आणि मेहुण्याने कधी "उतरू का" विचारलं नाही. शांतता हीच परवानगी होती. मेलेलं इंजिन आपणहून कसं सुरू होणार? ते जागं करायचं तर बटण दाबून, दोनतीनदा विनवण्या करून जागं करावं लागे. या न बोलता चालणाऱ्या कामाचा दोघांनाही अभिमान होता. बाकी साऱ्या बाबतीत मात्र त्यांचं मेहुण्यामेहुण्यांना शोभेल असंच चाले, म्हणजे दिवसभर एकमेकांची खेचणं.

डिझेल कमी होऊ लागलं तेव्हा धक्क्यावरच्या चहाच्या टपरीवर प्रत्येकाकडे एक कारण होतं. कोणी म्हणे जहाज अडकलंय, कोणी म्हणे व्यापाऱ्यांनी दडवलंय, कोणी म्हणे लढाई संपू दे, मग बघा. लढाई संपली, जहाजही सुटलं, पण टँकर मात्र उशिरानेच येत राहिला आणि अर्धाच भरून येत राहिला. शेवटी लाँचसेवेच्या साहेबांनी सरळ सांगितलं, की जमिनीत तेलच कमी उरलंय. जे सोपं होतं ते काढून झालं. जे खोल आहे ते महाग आहे, आणि ज्यांचे हात लांब आहेत त्यांच्याकडे आधी जातं.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," बायको म्हणाली. तिला पटायला एक वाक्य पुरलं. कानसेनला एक अख्खं वर्ष लागलं.

फेऱ्या कमी होत गेल्या. दिवसभर ये-जा करणारी लाँच सकाळ-संध्याकाळवर आली. इस्पितळातल्या नर्सने वेळ बदलून दिली, कुरकुर करत का होईना दिली. मग एका संध्याकाळी परतीच्या फेरीला, ऐन खाडीच्या मध्यावर, कानसेनला इंजिनाचा सूर उतरल्याचं ऐकू आलं. टाकी तळाला गेली होती आणि इंजिन गाळ ओढत होतं. मागच्या बाकावर बायको डोळे मिटून बसली होती, डायलिसिसनंतर ती नेहमी पिळून काढलेल्या कपड्यासारखी दिसायची. ओहोटी लागलेली. खाडीच्या तोंडाशी काळे खडक. कानसेनने वेग उतरवला, श्वास धरला, आणि त्या इंजिनाला पोटच्या पोरासारखं चुचकारत धक्क्याला आणलं. दोर बांधून होतो न होतो तोच ते मेलं. लोक नेहमीसारखे उतरून घरी गेले. कोणालाच काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. साहेब म्हणाले, "नवीन लाँच येतेय. विजेवर चालणारी. तोवर ढकला."

ती आली. पांढरी, चपटी, छपरावर काळ्याभोर काचांची सौर पॅनलं. धक्क्यावरच्या शेडचं छप्परही तशाच पॅनलांनी भरलं, आणि टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, ढगाळ दिवसांत बॅटऱ्या भरायला. जुनी लाँच वाळूवर ओढून ठेवली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं कानसेन नवीबद्दल म्हणायचा, आणि जेवणाची सुट्टी जुनीच्या सावलीत काढायचा.

शिकवायला एक तरुण इंजिनिअर बाई आली. धक्क्याने पहिल्याच दिवशी तिचं नाव मास्तरीणबाई ठेवून टाकलं. तिने कानसेनला आणि पलीकडच्या काठावरच्या दोनतीन जणांना बसवून सगळं समजावलं. छपरावर मळ साचू द्यायचा नाही. आकाश बघून फेऱ्या ठरवायच्या. आणि मग सुकाणूशेजारी, गुडघ्याच्या उंचीवर असलेला लाल खटका दाखवला.

"काका, हे सगळ्यांत महत्त्वाचं," ती म्हणाली. "डिझेलचं इंजिन अडकलं की मरतं. ही मोटार मरत नाही, नुसती थांबून राहते. अडथळा निघाला की परत फिरते. आवाज नाही म्हणजे बंद आहे असं समजू नका. पाण्यात माणूस उतरायच्या आधी वेगाची दांडी मध्यावर आणायची, हा खटका ओढायचा आणि किल्ली काढून खिशात टाकायची."

कानसेनने मान हलवली. त्याची नजर खिडकीतून वाळूवरच्या लाँचवर होती. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, पण घडा मान हलवत असेल तर ओतणाऱ्याला कसं कळावं? मेहुण्याला हे शिकवायला कोणी बोलावलंच नव्हतं. तो बाहेर दोर वळत बसला होता. घरी जाताना त्याने विचारलं, "काय शिकवलं, भाऊजी?"

"काही नाही रे. बटणं."

आणि खरं सांगायचं तर नवी लाँच चांगली चालायची. धूर नाही, डिझेलच्या वासाने बायकोला होणारी मळमळ नाही. फेऱ्या वाढल्या. नर्सने जुनी वेळ परत दिली. आभाळ भरून आलेल्या दिवशी कमी फेऱ्या, तेवढंच. कानसेन आता डिझेल मोजायला टाकीत काठी घालण्याऐवजी आभाळाकडे बघायचा आणि बायकोच्या दिवशी ढग आले की त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचा. पण मुक्या लाँचवर तो हरवल्यासारखा उभा राही. कानांना काम नव्हतं. इतकी वर्षं ज्या कानांनी घर चालवलं, ते आता दोन्ही बाजूंना नुसते लटकत होते, असं त्याला वाटे.

तो दिवस बायकोच्या डायलिसिसचा होता. लाँच भरलेली, ऊन लख्ख, आणि ओहोटीला चांगलाच जोर. मध्यावर आल्यावर लाँच एकदम जड झाली, नाक वळलं, आणि ती थांबली. मेहुण्याने मागून डोकावून पाहिलं. हिरव्या जाळ्याचा भलामोठा गुंता पंख्यात बसला होता.

लाँच खडकांकडे सरकू लागली. फार जोरात नाही, पण खडक मोठे दिसू लागले एवढं खरं. एक आजी लेकीचा दंड धरून बसली. कानसेनने कान दिला. काही नाही. पूर्ण शांतता. त्याच्या अंगातल्या सगळ्या वर्षांनी त्याला सांगितलं, की इंजिन मेलंय. त्याचा हात वेगाच्या दांडीवरच होता आणि दांडी पुढे ढकललेली होती. समोरच्या पडद्यावर काहीतरी लाल लुकलुकत होतं. पण तो पडदा बघत नव्हता, खडक बघत होता.

मागे मेहुण्यानेही तेच ऐकलं. शांतता. त्याने सुरी दातात धरली आणि उतरला.

बायको मागच्या बाकावरून पाण्यात वाकून बघत होती. भावाची पाठ दिसत होती, मग फक्त बुडबुडे. हिरवी दोरी तुटून तुकड्यांनी वर येऊ लागली. एक तुकडा, दुसरा, आणि मग लाँचला एकदम हिसका बसला, ती पुढे सरकली.

"अहो, हलली," बायको ओरडली. "तो खाली आहे. बंद करा."

कानसेन गुडघ्यावर कोसळला आणि त्याने खटका ओढला. एवढ्या वेळात किती फेरे झाले असतील? एखादा. पुरेसा होता.

मेहुणा वर आला तेव्हा शुद्धीवर होता. डावा हात त्याने पाण्याबाहेर उंच धरला होता, आणि त्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. लोकांनी त्याला ओढून घेतलं. बायकोने डब्याचं फडकं सोडून त्याच्या हाताला करकचून बांधलं. कानसेनने खटका आत दाबला, किल्ली फिरवली, आणि लाँच पलीकडच्या काठाला नेली. लाँच तर मुकीच होती. मेहुण्याचं कण्हणं तेवढं ऐकू येत होतं, आणि कानसेनला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला ऐकू येत नसतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी इस्पितळात वरच्या मजल्यावर बहीण आणि खालच्या मजल्यावर भाऊ. कानसेन जिन्यात बसून राहिला.

संध्याकाळपर्यंत दोन्ही काठांवर बातमी पोचली आणि पोचेपर्यंत तिला पायही फुटले. विजेच्या लाँचने माणूस खाल्ला. ती आपोआप सुरू होते. तिच्यात भूत आहे, हेही कोणीतरी म्हणालं. साहेबांनी परतीच्या फेरीनंतर लाँच बांधून ठेवली आणि चौकशी होईपर्यंत सेवा बंद केली. वारा सुटला होता, त्यामुळे वल्ह्यांच्या होड्या मध्यापर्यंत जाऊन परत येत होत्या. बायकोच्या पुढच्या डायलिसिसचा दिवस जवळ येत होता. तिच्या डोळ्यांखाली सूज चढली, आणि झोपताना ती पाठीमागे उशा रचून बसू लागली, कारण आडवं झालं की दम लागायचा.

साहेब स्वतः घरी आले. शिलाई मशीनवरची चादर सरकवून कोपऱ्यावर टेकले.

"कानसेन, तुम्ही खटका ओढला होता आणि तरी ती सुरू झाली, एवढं उद्या धक्क्यावर सगळ्यांसमोर सांगा," ते म्हणाले. "लाँच परत जाईल. जुनी वाळूवरून उतरवू. आणीबाणीचं म्हणून थोडं डिझेल मी मिळवलंय. वहिनींच्या फेऱ्या त्यावर होतील."

"किती दिवस?" कानसेनने विचारलं.

"काही आठवडे निघतील. पुढचं पुढे."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही लोक रोज घेराव घालत होते, आणि गर्दीला जुनं इंजिन हवं होतं. कानसेनला तर ते सर्वांहून जास्त हवं होतं. साहेब गेल्यावर त्याच्या कानात ते चक्क वाजू लागलं, तो ठोका, ती घरघर. आपली अब्रू, आपलं इंजिन, आणि बायकोच्या फेऱ्या. एका वाक्यात सगळं परत मिळत होतं. आणि मेहुण्याने तर इस्पितळातून निरोप पाठवला होता, की माझीच घाई झाली, मी न विचारता उतरलो, असं सांगा भाऊजी. म्हणजे लाँचवर नको तर माझ्यावर घाला. दोन खांदे पुढे आले होते, दोष टाकायला.

बायको उशांना टेकून त्याच्याकडे बघत होती.

"खटका तुम्ही नंतर ओढलात," ती म्हणाली. "मी बघत होते."

तो उठून मशीनवरची सरकलेली चादर सारखी करू लागला.

"कोणाला बोलले नाही मी. बोलणारही नाही. पण नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणायचं, आणि तेही माझ्या भावाच्या बोटांवर पाय ठेवून?" तिला दम लागला, ती थांबली. "काही आठवड्यांचं डिझेल आहे म्हणतात. मी त्याच्या पुढेही जगायचं म्हणते. तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझ्या हातून सुकाणू जाईल."

"जाईल."

"दुसरं काही येत नाही मला."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि औषधाच्या कपातलं पाणी ओठांना लावून परत खाली ठेवलं. तिला रडू आलं होतं, पण रडायलाही श्वास लागतो.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर माणूस मावत नव्हता. पहाटे वारा जरा पडल्यावर पलीकडच्या काठावरचेही काही होड्यांतून कसेबसे आले होते. साहेब, मास्तरीणबाई, आणि मधोमध कानसेन. मास्तरीणबाईचा चेहरा पांढराफटक होता. लोक तिच्याकडे असे बघत होते, की जणू बोटं तिच्याच पर्समध्ये सापडली असावीत.

"काका," ती म्हणाली, "खटका ओढला होता का?"

"सांग रे, ओढला होता म्हणून," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "इतकी वर्षं कधी चुकला नाहीस तू."

कानसेनने वाळूवरच्या जुन्या लाँचकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं. तो नेहमीसारखा मोठ्यांदा बोलायला गेला आणि आवाज निघालाच नाही. सगळे पुढे सरकले.

"नव्हता ओढला," तो म्हणाला. "मी ऐकत बसलो. काही ऐकू येईना, म्हणून म्हटलं मेलं. दांडी पुढेच होती. लाँचची चूक नाही. मेहुण्याची नाही. या बाईंनी मला सांगितलं होतं आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. त्याला मी सांगायला हवं होतं, तेही नाही सांगितलं."

अशा वेळी लोक शिव्या देतील असं वाटतं, पण लोक नुसते बाजूला झाले. ज्याला वर्षानुवर्षं मान दिला त्याच्याकडे बघणं त्यांना जमेना. साहेब चष्मा पुसत म्हणाले, की लाँच उद्यापासून सुरू होईल, आणि ड्रायव्हर दुसरा असेल.

बायकोचं डायलिसिस चुकलं नाही. दम लागलेल्या अवस्थेत तिला उचलूनच न्यावं लागलं, पण पोचली.

सुकाणूवर पलीकडच्या काठावरची एक बाई आली, मास्तरीणबाईंच्याच वर्गात शिकलेली. पूर्वी ती शाळेची गाडी चालवायची. डिझेल गेलं तशी गाडी दारात उभी राहिली, गाडीवर वेल चढले, आणि ही लाँचवर आली. नवीन नियम झाला. पंख्यात काही अडकलं, की ड्रायव्हरने खटका ओढायचा, किल्ली काढायची, आणि लाँचभर ऐकू जाईल असं "बंद" म्हणायचं. खाली उतरणाऱ्याने ते परत म्हणायचं, आणि मगच उतरायचं. कानसेनला शेडवरची आणि लाँचवरची पॅनलं पुसायचं काम मिळालं. खारं पाणी आणि पक्ष्यांची घाण, दोन्ही रोज नव्याने. ओळखीचे लोक समोरून आले की दोराची गाठ बघितल्यासारखं करत. तो कोणाला दोष देत नव्हता. रात्री घरी येऊन तो आता हळू बोलायचा, आणि बायको म्हणायची, "जरा मोठ्यांदा बोला, ऐकू येत नाही."

हाताची जखम भरल्यावर मेहुणाही परत कामावर आला. कानसेनशी तो नीट बोलायचा, जरा जास्तच नीट. खेचायचा नाही. सुट्टी कधी संपते म्हणून कानसेननेही विचारलं नाही. जो माणूस आपल्याला न विचारता पाण्यात उडी मारायचा, तो आता "येऊ का भाऊजी, चहा घ्यायला" असं विचारून घरात येऊ लागला. याचं कानसेनला जितकं दुःख झालं तितकं सुकाणू गेल्याचंही झालं नव्हतं.

बायकोच्या दिवशी तो तिच्याबरोबर प्रवासी म्हणून जायचा. असाच एक दिवस होता, ढगाळ, बॅटरी निम्म्याच्या आसपास. खाडीच्या मध्यावर लाँच जड झाली, नाक वळलं, आणि ती थांबली. जाळं. बाकांवरचं बोलणं तुटलं. ओहोटीच होती. खडक होते तिथेच होते.

पुढून खटक्याचा आवाज आला आणि ड्रायव्हरबाईचा खणखणीत शब्द आला. "बंद."

मागे मेहुणा काठाशी उभा होता, सुरी उजव्या हातात. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या ओठांवर तो शब्द येईना.

"बंद आहे, बंद," ड्रायव्हरबाई पुन्हा म्हणाली. लाँच सरकत होती. एका प्रवाशाने घसा खाकरला. मेहुण्याची डावी मूठ छातीशी धरलेली, तीन बोटांची. तो पाण्याकडे बघत होता, मग त्याने मान वळवून बाकाकडे बघितलं. भाऊजींकडे.

लाँचवरच्या साऱ्या माणसांसमोर आपण आता काय म्हणायचं? आपल्या शब्दाची किंमत काय राहिलीय? बायकोने काही न बोलता त्याच्या पाठीला हात लावला आणि ढकललं.

तो उठला. पुढे सुकाणूपाशी गेला. ड्रायव्हरबाई एक पाऊल बाजूला झाली. त्याने कान दिला नाही. वाकून लाल खटका बघितला, बोटाने चाचपला, तो पूर्ण बाहेर होता. दांडी मध्यावर होती, तीही हाताने हलवून पाहिली. पडदा काळा होता. मग त्याने हात पुढे केला. ड्रायव्हरबाईने किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली.

तो मागे आला, मेहुण्याच्या अगदी समोर.

"बंद आहे," तो म्हणाला.

"नक्की ना, भाऊजी?"

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"बघून आलोय. किल्ली माझ्या हातात आहे. उतर."

"बंद," मेहुणा म्हणाला, आणि पाण्यात उतरला.

खडक जवळ येत होते. बुडबुडे वर येत होते, हिरवे तुकडे वर येत होते, आणि लाँच जराही हलली नाही. मेहुणा जाळ्याचा गोळा खांद्यावर घेऊन वर येईपर्यंत कानसेनने किल्लीवरची मूठ उघडली नाही.